डेल्फ्टच्या होडीतला खारेपाटकर

डोकी मोजणं हे माझं सव्वीस वर्षांचं काम. बसमध्ये चढताना मोजायची, उतरताना मोजायची. हॉटेलात, विमानतळावर, चर्चच्या दारात, स्वच्छतागृहाच्या बाहेरसुद्धा. मी मुंबईच्या एका सहल कंपनीत टूर मॅनेजर होते. लोकांना वाटतं टूर मॅनेजर म्हणजे गाइड. तसं नाही. गाइड त्या त्या शहरातला असतो. तो इतिहास सांगतो, हात हलवतो आणि आपल्या घरी जातो. टूर मॅनेजर मुंबईहून जितकी माणसं घेऊन निघतो तितकीच परत आणतो. मधल्या दिवसांत कुणाचा पासपोर्ट उशीखाली राहतो, कुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपतात, कुणाचं खिडकीच्या जागेवरून स्वतःच्याच व्याह्यांशी वाजतं. ते सगळं त्याच्या वाट्याचं.

आता मी नागावला असते. वडिलांच्या नारळ-सुपारीच्या वाडीत भावाने पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत, त्यांचं मी बघते. समुद्रावरून येऊन आंघोळ उरकली की पाहुण्यांना गप्पा हव्या असतात. माझा पूर्वीचा धंदा कळला की हमखास विचारतात, "काकू, युरोपात सगळ्यात छान काय?" मी सांगते, डेल्फ्टची होडी. त्यांचा चेहरा पडतो. त्यांना आयफेल टॉवर ऐकायचा असतो.

डेल्फ्ट हे नेदरलँड्समधलं लहानसं जुनं शहर. निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिथे रस्त्यांच्या मधून कालवे जातात, दोन्ही काठांना झाडं आणि अरुंद, उंच घरं. आमच्या कार्यक्रमात तिथे जेवण, पाऊण तास होडी, मग भांड्यांच्या दुकानात खरेदी आणि लगेच बस, असं बसवलेलं होतं. होडीला छप्पर नव्हतं. लांबट, चपटी, दोन्ही बाजूंना बाक. बॅटरीवर चालायची, त्यामुळे आवाज नाही. कालव्यांवरचे दगडी पूल इतके बुटके, की बसलेल्या माणसालाही वाकावं लागतं.

मला ती होडी आवडायची त्याचं कारण धंद्यातलं होतं. त्या पाऊण तासात कुणी हरवत नाही. माणसं पाण्यावर, मी पाण्यावर, जायला जागा नाही. दिवसभरात मी पाठ टेकून बसायची ती तेवढीच वेळ.

होडी चालवणारा आणि माहिती सांगणारा एकच, विम नावाचा गृहस्थ. सत्तरीच्या आसपासचा, पोफळीसारखा सरळ आणि उंच. दर हंगामात आमची चार-सहा वेळा गाठ पडायची. तो कॉलरला माइक लावून इंग्रजीत बोलायचा, मी मराठीत सांगायची. पूल आला की मी ओरडायची, "खाली वाका." ते ऐकून ऐकून त्याला पाठ झालं होतं. पुढे पुढे तोच आधी म्हणायचा, "काली वाका," आणि माझी माणसं वाकायची सोडून टाळ्या वाजवायची. एकदा अशाच टाळ्यांत नाशिकच्या एका डॉक्टरांची टोपी पुलाच्या दगडाला लागून पाण्यात गेली. विमने होडी उलटी घेऊन ती काठीने काढून दिली.

दुसऱ्या एका खेपेला दादरच्या एका आजींनी हॉटेलातून आणलेलं गुलाबाचं फूल पाण्यात सोडलं आणि हात जोडले. विमने विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमच्याकडे नदीला आई मानतात. तो म्हणाला, "पण ही नदी नाही. हा आम्ही खणलेला कालवा आहे." मी ते आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, "मग ही तुमची लेक झाली, हो. तिलाही फूल चालतं." हे मी विमला सांगितलं तेव्हा तो पुढच्या पुलाला 'काली वाका' म्हणायचं विसरला.

भाषांतराबद्दल थोडं सांगते, कारण पुढची गोष्ट त्याचीच आहे. गाइड दोन मिनिटं बोलला तर मी अर्धं मिनिट बोलायची. लोकांना सगळं नको असतं. त्यांना कळायला हवं कुठे बघायचं आणि फोटो कधी काढायचा. विम जुन्या चर्चच्या कललेल्या मनोऱ्याचा सगळा इतिहास सांगायचा. मी सांगायची, "बुजवलेल्या कालव्यावर बांधला, म्हणून कलला. फोटो डावीकडून." या गाळण्याचा मला अभिमान होता. नव्या मुलींना मी तेच शिकवायची.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हाची मे महिन्यातली सहल. चौतीस माणसं. बरीचशी आमच्या जिल्ह्यातली, कारण अलिबागच्या एजंटाने त्या वर्षी जोर लावला होता. त्यात माणगावचे कापडवाले शेठ होते, बायकोसह. अलिबागचं एक निवृत्त जोडपं होतं, दोघंही सरकारी कचेरीत काम केलेली, अतिशय शांत. आणि खारेपाटातले जनार्दनदादा आणि त्यांच्या पत्नी कमळवहिनी.

खारेपाट म्हणजे अलिबाग आणि पेणच्या मधला खाडीकाठचा सखल मुलूख. तिथली भातशेती खाडीच्या पाण्यापासून राखलेली असते. बाहेरून मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधात जागोजागी लाकडी दारं. त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. भरती आली की खाडीचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. माणूस लागत नाही. हे मला आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं. नागावहून तो भाग तासाभराच्या आत येतो, पण आम्ही वाडीवाले, आमचं पाणी विहिरीचं. मी स्वित्झर्लंडला साठ-सत्तर वेळा गेले असेन, खारेपाटात एकदाही नाही.

जनार्दनदादा पासष्टीचे, काटक, पांढरा सदरा. मुलाने घेऊन दिलेले स्पोर्ट्स शूज बसमध्ये चढले की काढून ठेवायचे. मुलगा एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर होता, त्यानेच दोघांना पाठवलं होतं. दादा फार बोलत नसत. डोंगर, बर्फ, किल्ले बघून मान हलवायचे. स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाइन नदीचा मोठा धबधबा आहे. तिथे सगळे भिजत फोटो काढत होते तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ह्ये पानी जातं कुठं?"

मी म्हटलं, "ही नदी पुढे हॉलंडात जाते आणि समुद्राला मिळते."

"मग आपून पन तिकडंच चाल्लोय?"

"हो. परवा."

ते समाधानाने बसमध्ये जाऊन बसले.

डेल्फ्टला ऊन होतं. होडी निघाली. जनार्दनदादा बाकाच्या मागच्या टोकाला, विमच्या अगदी जवळ. एका वळणावर बाजूच्या कालव्याच्या तोंडाशी लाकडी दार आहे. विमने होडी हळू केली आणि सांगितलं, की दाराच्या पलीकडचं पाणी अलीकडच्यापेक्षा हातभर खाली आहे, शहराबाहेरची कुरणं त्याहून खाली, समुद्राहूनही खाली. बांध आणि पंप आहेत म्हणून ती कोरडी आहेत. मी नेहमीप्रमाणे गाळून सांगितलं, "ही जमीन समुद्रापेक्षा खाली आहे. बांध घालून राखलेली."

जनार्दनदादा उभे राहिले. विमने हाताने खूण करून त्यांना बसवलं. बसता बसता ते म्हणाले, "ताई, त्यांना इचारा, बांद फुटला तर पयला फावडा कोन उचलतं?"

तेवढ्यात माणगावचे शेठ पुढून म्हणाले, "ताई, मनोरा मागे गेला ने. फोटो राहिला आमचा. शेतीचं घरी गेल्यावर बोलू की."

दोन-चार जण हसले. मी दादांना म्हटलं, "दादा, नंतर विचारू हां."

'नंतर' हा टूर मॅनेजरचा शब्द आहे. त्याचा अर्थ 'नाही' असा असतो, आणि समोरच्याला तो बहुधा कळतो. दादांना कळला. ते लाकडी दार दिसेनासं होईपर्यंत ते मान वळवून बघत राहिले.

होडीतून उतरून सगळे भांड्यांच्या दुकानात गेले. बस गावाच्या बाहेर थांबते, तिथपर्यंत दहा मिनिटं चालावं लागतं. साडेचारला सगळे बसमध्ये बसले. मी मोजलं. तेहतीस. पुन्हा मोजलं. तेहतीस.

कमळवहिनी खिडकीशी एकट्या बसल्या होत्या. शेजारच्या जागेवर दादांचे बूट.

"वहिनी, दादा कुठे?"

"पान्याजवळ असतील," त्या म्हणाल्या. काळजी केल्याचं काही दिसेना.

"अहो, फोन लावा त्यांना."

त्यांनी पिशवीतून दादांचा फोन काढून दाखवला. "माझ्याकडंच हाय. दुकानात त्ये आलेच न्हायत. मना बोलले, तू जा, मी येतो."

"अनवाणी?"

"चपला हायत पायात." मग त्यांनी मला वाकायची खूण केली आणि हळू आवाजात सांगितलं, "ताई, रागवू नका त्यांना. आमचा बांद फुटल्याला नऊ वर्सं झाली. शेतात खाडी येतीय. आता एक दलाल मागं लागलाय जमिनीसाठी. पोरगा म्हनतो, देऊन टाका, काय पिकतंय तिथं. परत गेलो की सही करायचीय. त्यांना वाटतंय, पोरानं सहीसाठीच फिरायला धाडलंय. धबधब्यापासून त्यांना झोप न्हाय."

बसचा ड्रायव्हर पोलंडचा होता. युरोपात ड्रायव्हरचे तास मोजणारं यंत्र बसमध्येच असतं. ठरलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट जास्त गाडी चालवली तर त्याचा परवाना अडचणीत येतो. आम्हाला ब्रसेल्सला जेवायला पोचायचं होतं. त्याने घड्याळ दाखवलं आणि म्हणाला, वीस मिनिटं. त्यानंतर निघालो तर त्याच्या सक्तीच्या विश्रांतीचे तास भरायला उद्या सकाळी गाडी दोन तास उशिरा.

कंपनीचा नियम स्पष्ट होता. एका माणसासाठी बाकीच्यांना थांबवायचं नाही. पत्ता लिहून ठेवायचा, त्याने टॅक्सीने यायचं. पण पत्ता ठेवायचा कुठे? ज्याच्यासाठी ठेवायचा त्याला मराठी सोडून काही येत नव्हतं. मला परत जायचं होतं, आणि जाताना बस कुणावर तरी सोपवायला हवी होती. समोर माणगावचे शेठ उभे होते. मला वाटलं आता हेच कटकट करणार.

ते म्हणाले, "तुम्ही जा, ताई. मी दारात बसतो. एकालापण खाली उतरू देणार नाही."

आणि खरोखरच पायरीवर बैठक मारून बसले.

मी जवळजवळ पळतच धक्क्यावर गेले. होड्या बांधून झाल्या होत्या. विम आणि जनार्दनदादा धक्क्याच्या दगडावर उकिडवे बसले होते. विमला उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून त्याने एक गुडघा टेकला होता. बाजूला पाण्याची बादली आणि होडी पुसायचं फडकं. दादांनी त्या फडक्याने दगडावर पाण्याची रेघ ओढून बांध काढला होता, त्यात उघाडीचं दार काढलं होतं, आणि हाताचा पंजा दारासारखा उघडून मिटून दाखवत होते. उन्हाने रेघ वाळत होती. वाळली की ते पुन्हा ओढत होते.

मला बघून विम म्हणाला, "बरं झालं आलीस. दाराचं मला कळलं. पुढचं कळत नाही."

"दादा, बस थांबलीय. तेहतीस माणसं खोळंबलीत," मी म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले. उठले नाहीत. "एवढं इचारा आन् चला."

मी घड्याळ बघितलं. बारा मिनिटं होती आणि चालायला दहा लागणार होती. होडीत विचारलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं. मी पर्स खाली ठेवली आणि दगडावर बसले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा एकही शब्द न गाळता भाषांतर केलं.

दादांनी सांगितलं, की त्यांच्या वडिलांच्या वेळी बांधाचं काम सगळ्या गावाचं असे. त्याला जोळ म्हणत. प्रत्येक घराचा एक माणूस, प्रत्येक घराच्या वाट्याचा बांधाचा तुकडा. पावसाळ्याआधी तो नीट करायचाच. मग बांध सरकारकडे गेला आणि लोकांनी घमेली खाली ठेवली. आता खांड पडलीय, म्हणजे बांधाला भगदाड. कागद कचेरीत जातात आणि येतात. "बांद सरकारचा झाला, ताई. पानी आमचंच ऱ्हायलं. सांगा त्यांना."

मी सांगितलं. तेव्हा विम म्हणाला, की होडी चालवणं हे त्याचं निवृत्तीनंतरचं काम आहे. त्याआधी तीस वर्षं तो पाणी सांभाळणाऱ्या मंडळात होता. तिकडे बांध आणि पाणी यांच्यासाठी वेगळी, लोकांनी निवडून दिलेली मंडळं असतात, तिथल्या राजघराण्याच्या गादीपेक्षाही जुनी. आता कर भरला की काम होतं. "पण फार पूर्वी," तो म्हणाला, "प्रत्येक शेतकऱ्याचा बांधाचा तुकडा ठरलेला असे, तुमच्यासारखाच. ज्याला तो सांभाळणं झेपत नसे, तो आपलं फावडं बांधात रोवून निघून जाई. जमीन सोडली, असा त्याचा अर्थ. जो कोणी ते फावडं उपटेल, त्याची जमीन आणि त्याचाच बांध."

मी हे पूर्ण सांगितलं. दादांनी दगडावरची वाळलेली रेघ पुन्हा ओढली.

"आमच्याकडं समद्यांनी फावडी रोवून ठेवलीत," ते म्हणाले. "उपटाया कोन न्हाय."

विम हसला नाही. त्याने विचारलं, "तुम्ही हाक मारली तर किती जण येतील?"

दादांनी बोटं मोजली. "सात. त्यात दोन म्हातारे."

"सुरुवात होईल," विम म्हणाला. "पुरं होणार नाही. पण सुरुवात होईल." मग त्याने फडकं स्वतःच्या हातात घेतलं आणि दादांच्या रेघेच्या आतल्या बाजूला दुसरी रेघ ओढली. "जुन्याच जागी बांधायचा हट्ट धरू नका. नऊ वर्षांत पाण्याने तिथली माती खाल्ली असेल. आत कठीण जमीन लागेल तिथून सरळ बांध घ्या. थोडी जमीन पाण्याला द्यावी लागेल."

दादांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग उठले, हात सदऱ्याला पुसला आणि विमच्या हातात दिला. वाटेत मी एवढंच म्हटलं, "दादा, भराभर चला." ते माझ्यापेक्षा भराभर चालत होते.

आम्ही पोचलो तेव्हा वीस मिनिटांची चाळीस झाली होती. शेठ पायरीवरून उठले, दादांना पाठीवर हात ठेवून आत घेतलं आणि म्हणाले, "मिळालं काय उत्तर?" दादा म्हणाले, "मिळालं." कमळवहिनींनी त्यांच्यासमोर बूट ठेवले.

ब्रसेल्सला जेवण गार झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी बस दोन तास उशिरा निघाली, त्यामुळे एक ठिकाण बघायचं राहिलं. मुंबईला परतल्यावर कंपनीकडे लेखी तक्रार आली. मला वाटलं होतं शेठची असेल. ती अलिबागच्या त्या शांत जोडप्याची होती. दोन पानं, सुंदर अक्षर, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. तक्रार खरीच होती. मला लेखी समज मिळाली, ती मी सही करून घेतली. सव्वीस वर्षांतली तेवढी एकच.

जनार्दनदादांचं पुढे काय झालं ते कळायचं काही कारण नव्हतं. सहलीतली माणसं विमानतळावर रडून पत्ते घेतात आणि फोन करत नाहीत. मीही करत नाही. तो या धंद्याचा स्वभाव आहे. मी निवृत्त होऊन नागावला आले, आणि त्याच वर्षी दसऱ्यानंतर कमळवहिनींचा फोन आला. अलिबागच्या एजंटाकडून नंबर मिळवला होता. "बांद बांदला, ताई. बघाया या."

भावाने मला गाडीने सोडलं. बांधावर कमळवहिनी भेटल्या आणि चालता चालता त्यांनीच सगळं सांगितलं, कारण दादा नेहमीप्रमाणे गप्प.

परत आल्यावर त्यांनी सही केली नाही. मुलगा वर्षभर बोलला नाही. पौष सरल्यावर दादांनी घरोघरी जाऊन हाक मारली. सात येतील म्हणाले होते, पहिल्या दिवशी चारच आले. मग बायका आल्या. त्यांनी चिखलाचे गोळे हातोहात द्यायला सुरुवात केली, तेव्हा घरात बसलेल्या पुरुषांना बाहेर पडावं लागलं. होळीपर्यंत पस्तीस माणसं झाली. खांड बुजवायची ती भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती लहान असते तेव्हा. पहिल्यांदा बुजवली ती पुढच्या पुनवेच्या उधाणात वाहून गेली. पंधरा माणसं यायची बंद झाली. दुसऱ्यांदा वैशाखात बुजवली. त्या वेळी मुलगा कारखान्यातून रजा टाकून आला. बापाशी बोलला नाही, पण पाच दिवस घमेलं उचललं. ती टिकली.

"आता बोलतो?" मी विचारलं.

"आता लई बोलतो," वहिनी म्हणाल्या. "ऐकवत न्हाय."

बांध सरळ गेला होता, सुतात धरल्यासारखा. आतल्या बाजूला भात उभं होतं. फार भरघोस नव्हतं, मधे मधे पांढरी, खारवलेली ठिगळं होती, पण दोन पावसाळ्यांत खार बराच उतरला होता. लोंब्या धरल्या होत्या. बाहेरच्या बाजूला भरतीचं पाणी आणि खारफुटीचं, तिवरांचं रान.

मी विचारलं, "दादा, तुमचं शेत कोणतं?"

ते बांध उतरले आणि खाली बांधलेली छोटी होडी सोडली. मला हात देऊन बसवलं. वहिनी बांधावरच थांबल्या. दादांनी बांबूने होडी रेटत तिवरांच्या मधून नेली आणि एका मोकळ्या जागी थांबवली. बांबू पाण्यात उभा केला. कमरेइतकं पाणी होतं.

"ह्ये," ते म्हणाले.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"तुमचं शेत बांधाच्या बाहेर राहिलं?"

"बांद सरळ घ्यायचा तर माझं बाहेर जात व्हतं. माझं आन् आनखी दोघांचं. वाकडा घेऊन माझं आत घेतलं असतं, तर मऊ जागेवरून न्यावा लागला असता. टिकला नसता." त्यांनी तिवराची एक फांदी हाताने बाजूला केली. "आता ही पन वाढली. तोडाया बंदी हाय. म्हंजे ह्ये गेलंच."

विमची ती दुसरी रेघ मी भाषांतर करून दिली होती. दोनदा. मी अर्धं गाळून सांगितलं असतं, 'बांध घाला, सुरुवात करा' एवढंच सांगितलं असतं, तर या माणसाने कदाचित जुन्याच जागी बांध घातला असता. तो फुटला असता, आणि ते सही करून मोकळे झाले असते. किंवा काहीच झालं नसतं. होडीत मी त्यांचा प्रश्न गिळला याचं मला वाईट वाटत आलं होतं. धक्क्यावर मी उत्तर पूर्ण सांगितलं याचं वाईट वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. मी तसं त्यांना म्हणाले. जरा अडखळतच म्हणाले.

"तुमी सांगितलं म्हनून न्हाय," ते म्हणाले. "तुमी सांगितल्याबिगर मना ठावं व्हतं. माती पायाला कळते. दुसऱ्यानं बोलाया पायजे व्हतं, येवढंच."

बाजूने एक बगळा उडाला. दुपारचं ऊन पाण्यावर पडून डोळ्यांत येत होतं. मी सवयीने आजूबाजूला बघितलं. बांधावर वहिनी, पलीकडच्या शेतात कापणी जवळ आलेलं भात, तिथे वाकलेली तीन-चार माणसं.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

त्यांनी बांबूवर पाण्याची खूण कुठवर आली ते बघितलं.

"वाटतं. भरतीला वाटतं," ते म्हणाले. "ओहोटीला बांदावर जाऊन बसतो आन् त्या अंगाचं भात बघतो."

पाणी उतरायला लागलं होतं. आणखी थांबलो असतो तर होडी चिखलात रुतली असती, म्हणून त्यांनी बांबू टेकवला आणि ती वळवली.